यकृतातील छाया

हैदराबाद शहरातील चिक्कडपल्ली हा भाग वाचकांना आणि गाण्याच्या रसिकांना चांगला परिचित आहे. शहराचे मध्यवर्ती ग्रंथालय येथे आहे आणि त्यागराय गानसभाही येथेच आहे. नारायणगुडा आणि काचीगुडा हे भाग येथून जवळ. त्या भागांप्रमाणे येथील गल्ल्यांतूनही तेलुगू आणि उर्दू यांच्या जोडीला अधूनमधून मराठी बोल कानी पडतात, आणि मराठवाड्यातून औषधोपचारासाठी आलेले आप्त अशा घरांतून उतरतात. एखाद्या संध्याकाळी त्यांपैकी एका घरात तपासणी केंद्रातून मोठा लिफाफा येतो. आत काळीपांढरी चित्रे असतात आणि सोबतच्या कागदावर दोन ओळी असतात : यकृतात काही छाया दिसतात, आतड्यातील कर्करोगाचा तेथे प्रसार झाला असण्याची शक्यता आहे. घरातील कर्ता मुलगा तो कागद दोनदा वाचतो, घडी घालून खिशात ठेवतो आणि आतल्या खोलीत बसलेल्या आईला काय सांगावे, या विवंचनेत पडतो.

त्या दोन ओळी लिहिता याव्यात, यासाठी वैद्यकशास्त्राला एका शतकाहून अधिक काळ खपावे लागले. या वाटचालीत मोठे यश आहे, तशी एक भयंकर चूकही आहे. त्या कागदावरील ‘छाया’ आणि ‘शक्यता’ या दोन शब्दांचा खरा अर्थ या इतिहासातूनच उलगडतो. तो न कळल्यामुळे कित्येक घरांत लिफाफा उघडताच आशा सोडली जाते; आणि कित्येकदा तशी ती सोडण्याचे कारण नसते.

कर्करोगाचा प्रसार यकृतातच इतक्या वेळा का होतो, हा प्रश्न जुना आहे. यकृत हा पोटातील सर्वांत मोठा अवयव. प्रौढ माणसात त्याचे वजन सुमारे दीड किलो भरते. त्याला रक्ताचा पुरवठा दोन वाटांनी होतो. सुमारे एक चतुर्थांश रक्त धमनीतून येते, आणि उरलेले सुमारे तीन चतुर्थांश प्रतिहारी नीलेतून येते. ही नीला जठर, आतडी आणि प्लीहा यांतील रक्त गोळा करून यकृतात आणून सोडते. आतड्यातील अर्बुदापासून सुटलेली पेशी रक्तात शिरली, तर तिला भेटणारी पहिली मोठी गाळणी यकृताचीच असते. १८८९ साली लंडनचे शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. स्तनातून निघालेल्या रक्ताची सरळ वाट यकृताकडे जात नाही. तरीही प्रसाराच्या जागांत यकृताचा वाटा त्यांना फार मोठा आढळला. बीज कोठेही पडत असले, तरी ते अनुकूल भूमीतच रुजते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. यकृत ही अशी एक अनुकूल भूमी होय.

परंतु ही भूमी वैद्याच्या दृष्टीआड आहे. यकृत उजव्या फासळ्यांच्या मागे दडलेले असते, आणि त्याची सहनशक्ती एवढी की त्याचा बराचसा भाग निकामी झाला तरी उरलेला भाग काम निभावून नेतो. त्याच्या आत वेदना जाणवत नाही. दुखते ते बाहेरचे वेष्टन ताणले गेल्यावर. म्हणून प्रसार झाला तरी रुग्णाला पुष्कळ दिवस त्याची वार्ताही नसते. जुन्या वैद्याजवळ साधन म्हणजे त्याचा हात. फासळ्यांखाली यकृत कठीण आणि गाठाळ लागले, डोळ्यांत कावीळ उतरली, पोटात पाणी साठले, की तो निदान करी. ते निदान बहुधा खरे ठरे. परंतु तोवर करण्यासारखे काही उरलेले नसे.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी विल्हेल्म रोंटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. हाड मोडले की ते चित्रात दिसू लागले, फुप्फुसातील क्षयाची जागा दिसू लागली. यकृताने मात्र या किरणांनाही दाद दिली नाही. हाड आणि मांस यांत क्ष-किरणांना भेद कळतो, कारण हाड त्यांना अधिक अडवते. निरोगी यकृत आणि त्यातील कर्करोगाची गाठ ही दोन्ही मऊ मांसाचीच. किरण दोहोंतून सारखेच आरपार जात, आणि चित्रात एकच करडा पडदा उमटे.

यावर उपाय निघाला तो १९३० च्या सुमारास. यकृतात कुप्फर या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पेशी आहेत. रक्तातून वाहत आलेले सूक्ष्म कण टिपून गिळणे हे त्यांचे काम. क्ष-किरणांना अडवणाऱ्या एखाद्या जड धातूचे सूक्ष्म कण शिरेतून दिले, तर या पेशी ते गिळतील आणि निरोगी यकृत चित्रात उजळून निघेल. गाठीत अशा पेशी नसल्यामुळे तेवढी जागा रिकामी दिसेल. कल्पना निर्दोष होती. तिच्यासाठी निवडलेले द्रव्य होते थोरियम धातूचे. ‘थोरोट्रास्ट’ या नावाने ते बाजारात आले. चित्रे अप्रतिम येत, आणि टोचल्यानंतर रुग्णाला काही त्रासही होत नसे. अनेक देशांत असंख्य रुग्णांना ते देण्यात आले.

थोरियम किरणोत्सर्गी आहे, आणि कुप्फर पेशींनी एकदा गिळलेले कण शरीराबाहेर जवळजवळ पडतच नाहीत. चित्र काढण्याचे काम काही मिनिटांचे. पण त्या रुग्णाच्या यकृतावर किरणांचा मारा पुढे जन्मभर चालू राहिला. १९४७ साली थोरोट्रास्ट दिलेल्या एका रुग्णाच्या यकृतात रक्तवाहिन्यांचा दुर्मिळ कर्करोग आढळल्याची नोंद प्रसिद्ध झाली. पुढे अशा नोंदींची रांगच लागली. टोचल्यापासून वीस-तीस वर्षांनी हा रोग डोके वर काढी. १९५० नंतरच्या दशकात या द्रव्याचा वापर बंद पडला. पण त्याची फळे पुढील पिढीभर भोगावी लागली. कर्करोग शोधण्यासाठी यकृतात घातलेल्या द्रव्यानेच यकृतात कर्करोग निर्माण केला. एखादे चित्र किती स्पष्ट येते, याच्या आधी ते कोणत्या किमतीला मिळते हे विचारले पाहिजे, हा धडा वैद्यकाने येथे घेतला.

भारतात या काळात कर्करोगाच्या स्वतंत्र उपचाराची पायाभरणी होत होती. मुंबईत परळ येथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी वाहिली. सूक्ष्मदर्शकाखाली ऊतीचा तुकडा पाहून रोगाचे नाव निश्चित करण्याच्या शास्त्राला त्यांनी आपल्या देशात प्रतिष्ठा मिळवून दिली. पुढे १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. हैदराबादेत रेड हिल्स भागात १९५५ साली रेडियम संस्था आणि कर्करोग रुग्णालय उभे राहिले. या कार्यामागे मेहदी नवाज जंग यांची प्रेरणा होती, आणि आज ती संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते. हेच गृहस्थ १९६० साली गुजरात राज्याचे पहिले राज्यपाल झाले.

हे रुग्णालय सुरू झाले तेव्हा औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे मराठवाड्याचे पाच जिल्हे हैदराबाद राज्यातच होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते मुंबई राज्यात गेले. राज्याच्या सीमा बदलल्या, परंतु रेल्वेचा मार्ग बदलला नाही, आणि रुग्णाची वाटही बदलली नाही. नांदेडकडून येणारे कुटुंब काचीगुड्याच्या स्थानकावर उतरते आणि चिक्कडपल्लीतील नातलगाचे घर गाठते, हा परिपाठ आजही मोडलेला नाही. तथापि १९५५ साली आलेल्या रुग्णाला, हैदराबादेत काय किंवा लंडनमध्ये काय, यकृतातील प्रसाराविषयी फारसे सांगता येण्यासारखे नव्हते. हाताने चाचपणे, रक्त तपासणे आणि अखेर पोट उघडून पाहणे, एवढीच मुख्य साधने होती. आतड्यातील गाठ काढावी म्हणून पोट उघडावे आणि यकृतात गाठी दिसल्यावर पुन्हा टाके घालून बंद करावे, असे प्रसंग त्या पिढीच्या शल्यविशारदांनी वारंवार अनुभवले.

कुप्फर पेशींची मूळ कल्पना मात्र वाया गेली नाही. थोरियमऐवजी अल्पायुषी किरणोत्सर्गी द्रव्य दिले आणि क्ष-किरणांचे चित्र न काढता त्या द्रव्यातूनच निघणारे किरण बाहेरून मोजले, तर? अमेरिकेत बेनेडिक्ट कॅसन यांनी १९५० च्या सुमारास असे यंत्र बनवले. त्याचा शोधक पोटावरून रेघ-रेघ सरकत जाई आणि कागदावर ठिपके उठवी. सोन्याचे किरणोत्सर्गी कण यासाठी वापरले जात. त्यांचा अर्धा प्रभाव २.७ दिवसांत ओसरतो. १९६० नंतर त्यांची जागा टेक्नेशियमने घेतली, त्याचा अर्धा प्रभाव तर सहा तासांतच संपतो. भारतात ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भे येथे ‘अप्सरा’ ही अणुभट्टी कार्यान्वित झाली आणि किरणोत्सर्गी समस्थानिके देशातच तयार होण्याचा मार्ग खुला झाला. १९६३ साली परळ येथे, टाटा स्मारक रुग्णालयाच्याच परिसरात, अणुऊर्जा खात्याचे किरणोत्सर्ग वैद्यक केंद्र सुरू झाले. अणूचे नाव घेताच जगाला हिरोशिमा आठवे, त्या काळात परळच्या या केंद्रात तोच अणू निदानाच्या कामी लागला.

या ठिपक्यांच्या चित्रांत निरोगी यकृत दाट दिसे, आणि जेथे गाठ असेल तेथे ठिपके विरळ होत. रुग्णाचे पोट न उघडता यकृताच्या आत डोकावता आले, ही गोष्ट लहान नव्हती. परंतु येथेच एक अडचण उभी राहिली आणि ती आजतागायत या शास्त्राची सोबत करीत आहे. रिकामी जागा दिसे, पण ती रिकामी का, हे चित्र सांगत नसे. कर्करोगाची गाठ रिकामी दिसे, पाण्याची निरुपद्रवी पुटी रिकामी दिसे, आणि आमांशाच्या जंतूंमुळे यकृतात झालेले गळूही रिकामेच दिसे. हे गळू आपल्या देशात मुळीच दुर्मिळ नाही आणि औषधाने ते बरे होते. एकाच छायेत मरण आणि पूर्ण आरोग्य या दोन्ही शक्यता सामावलेल्या असत. शिवाय दोन सेंटिमीटरांहून लहान गाठ बहुधा निसटून जाई.

छाया कशाची, या प्रश्नाचे पहिले उत्तर आवाजाने दिले. स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे इयन डोनाल्ड हे स्त्रीरोगतज्ज्ञ होते. कारखान्यांत धातूच्या आतील तडे शोधण्यासाठी माणसाला ऐकू न येणारा ध्वनी वापरतात, हे त्यांनी पाहिले होते. ध्वनी आत सोडावा, त्याचा प्रतिध्वनी टिपावा आणि त्यावरून आत घन आहे की द्रव हे ताडावे, अशी ही युक्ती. त्यांच्याकडे एक स्त्री आणण्यात आली. पोट फुगलेले, अंग झडलेले. जठराचा कर्करोग आता शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेला आहे, असे निदान झालेले होते. डोनाल्ड यांच्या यंत्रात प्रतिध्वनीचे चित्र मात्र एका मोठ्या द्रवाने भरलेल्या पुटीचे उमटले. शस्त्रक्रिया झाली, बीजकोशाची प्रचंड पुटी निघाली आणि जिची आशा सोडली होती ती स्त्री बरी झाली. ७ जून १९५८ रोजी डोनाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा या पद्धतीवरील लेख ‘लॅन्सेट’ नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आज गावोगावी ‘सोनोग्राफी’ या नावाने परिचित असलेली तपासणी ती हीच. पाण्याची पुटी आणि घन गाठ यांतील भेद तिने सोपा केला. तिच्यात कोणतेही घातक किरण नसल्यामुळे ती पुनःपुन्हा करता येते.

त्याच १९५८ साली इटलीतील मेंघिनी यांनी एक नवी सुई प्रसिद्ध केली. यकृतातून सुईने तुकडा काढण्याचा प्रयोग पॉल एर्लिख यांनी १८८३ सालीच केला होता. मेंघिनींच्या सुईने ते काम क्षणभरात आणि अधिक निर्धोकपणे होऊ लागले. पुढे सोनोग्राफीच्या नजरेखाली नेमक्या गाठीतच सुई नेता येऊ लागली. खानोलकरांसारख्या विकृतिशास्त्रज्ञांचा सूक्ष्मदर्शक आणि चित्रकारांचे यंत्र यांची अशी भेट झाली. छाया कोठे आहे हे यंत्राने दाखवावे, आणि ती कशाची आहे हे शंका असेल तेथे सूक्ष्मदर्शकाने ठरवावे, अशी कामाची वाटणी झाली.

यानंतरची प्रगती वेगाने झाली. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधील एका रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र काढले. क्ष-किरण चहूबाजूंनी सोडून संगणकाच्या साहाय्याने शरीराचा आडवा काप डोळ्यांपुढे आणणारे हे यंत्र म्हणजे ‘सीटी स्कॅन’. १९७५ च्या सुमारास ते सर्व शरीरासाठी उपलब्ध झाले, आणि १९७९ साली हाउन्सफील्ड व कॉर्मॅक यांना नोबेल पारितोषिक मिळाले. यकृताच्या दृष्टीने या तपासणीचे मर्म वेळेत आहे. शिरेतून आयोडीनयुक्त द्रव्य देतात. सुमारे अर्ध्या मिनिटाने ते धमनीवाटे यकृतात पोहोचते आणि मिनिटाभराने प्रतिहारी नीलेवाटे. निरोगी यकृत मुख्यतः नीलेवर पोसले जाते, तर बाहेरून येऊन रुजलेली गाठ मुख्यतः धमनीवर. त्यामुळे मिनिटाभरानंतरच्या चित्रात यकृत उजळते आणि आतड्याच्या कर्करोगाची गाठ काळी उठून दिसते. उलट रक्तवाहिन्यांचा निरुपद्रवी पुंजका असेल, तर तो कडेकडून हळूहळू उजळत जातो. एकाच जागेची दोन-तीन वेळांची चित्रे का काढतात, याचे उत्तर येथे आहे. छाया कशी दिसते याइतकेच ती काळानुसार कशी बदलते, यावर तिचे नाव ठरते.

चुंबकीय अनुनादाच्या तत्त्वावरील ‘एमआरआय’ने यात आणखी भर घातली. १९७३ साली पॉल लॉटरबर यांनी तिचा पाया घातला. २००३ साली त्यांना पीटर मॅन्सफील्ड यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. निरोगी यकृतपेशी आत घेतात असे एक द्रव्य देऊन सुमारे वीस मिनिटांनी चित्र काढले, की बाहेरून आलेल्या पेशींची लहानशी गाठही स्पष्ट होते. साखरेसारख्या किरणोत्सर्गी द्रव्यावर आधारलेली ‘पेट’ तपासणी कर्करोगाची भूक टिपते. त्या द्रव्याचा अर्धा प्रभाव ११० मिनिटांत ओसरतो, म्हणून ते तयार करणारे यंत्र जवळपास असावे लागते. भारतात ही सोय प्रथम २००२ साली झाली, ती परळच्या त्याच किरणोत्सर्ग वैद्यक केंद्रात. अर्थात कोणतीही तपासणी सर्वज्ञ नाही. निरोगी यकृतही साखर घेत असल्यामुळे अगदी लहान गाठ ‘पेट’मध्ये लपून राहू शकते, तेथे ‘एमआरआय’ अधिक उपयोगी पडते.

एवढी यंत्रे कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. एके काळी यकृतातील प्रसार कळला काय आणि न कळला काय, शेवट एकच होता. ही परिस्थिती पालटली आहे. फ्रेंच शरीररचनातज्ज्ञ क्लोद क्विनो यांनी १९५७ साली यकृताचे रक्तवाहिन्यांनुसार आठ भाग दाखवून दिले. घराच्या खोल्या वेगळ्या काढाव्यात, तसे हे भाग स्वतंत्रपणे काढता येतात आणि उरलेले यकृत पुन्हा वाढून आपली उणीव भरून काढते. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात निदानाच्या वेळीच सुमारे पाचांपैकी एका रुग्णाच्या यकृतात प्रसार आढळतो. अशा गाठी मोजक्या असतील आणि सर्वच्या सर्व काढता आल्या, तर निवडक रुग्णांपैकी शंभरात चाळीसच्या आसपास रुग्ण शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षे वा अधिक जगतात. म्हणून गाठी किती, कोणत्या भागात, कोणत्या रक्तवाहिनीला लागून, याचा अचूक नकाशा हवा. पूर्वी चित्र फक्त शेवट जवळ आल्याचे सांगे. आता ते शल्यविशारदाच्या हाती पुढचा मार्ग देते. प्रत्येकाच्या वाट्याला हा मार्ग येत नाही, हेही खरे. पुष्कळांच्या यकृतात गाठी इतक्या विखुरलेल्या असतात की औषधांनी रोग आवरून धरणे एवढेच हाती उरते. परंतु कोण कोणत्या वाटेचा, हे नीट पाहिल्यावाचून ठरवू नये.

यासाठी चिक्कडपल्लीतील त्या कर्त्या मुलाला दोन गोष्टी ठाऊक असाव्यात. पहिली ही, की कर्करोगाच्या रुग्णाच्या यकृतातील प्रत्येक छाया कर्करोगाची नसते. एका सेंटिमीटरहून लहान अशा ज्या छाया आढळतात, त्यांपैकी बहुसंख्य निरुपद्रवी ठरतात. साध्या पुट्या आणि रक्तवाहिन्यांचे पुंजके निरोगी माणसांतही पुष्कळ असतात. दुसरी ही, की जुनी चित्रे टाकून देऊ नयेत. चार वर्षांपूर्वी पित्ताशयाच्या दुखण्यासाठी काढलेल्या चित्रात तीच छाया, तेवढ्याच आकाराची असेल, तर ती नव्या कर्करोगाची असण्याचा संभव फारच थोडा. कपाटाच्या तळाशी धूळ खात पडलेला लिफाफा कधीकधी नव्या यंत्रापेक्षा अधिक सांगून जातो.

त्या कागदावर लिहिणाऱ्या तज्ज्ञाने ‘शक्यता’ हा शब्द भीतीपोटी किंवा सवयीने वापरलेला नसतो. थोरोट्रास्टची चूक, ठिपक्यांच्या चित्रांतील न ओळखू येणाऱ्या रिकाम्या जागा आणि ग्लासगोच्या त्या स्त्रीचे चुकलेले निदान, या सर्वांचा अनुभव त्या एका शब्दामागे असतो. पुढील तपासणी अद्याप व्हावयाची आहे, एवढेच तो शब्द सांगतो. मुलाने खिशातील कागद बाहेर काढावा, कपाटातील जुना लिफाफा शोधावा आणि दोन्ही घेऊन उद्या सकाळी आईसह डॉक्टरांकडे जावे. आज रात्री आईला सांगण्यासारखे खरे असे इतकेच आहे, आणि ते सांगण्यास हरकत नाही.